अर्ध्यावर सोडलेली मसल कार : आपण नेमके काय विकत घेतो?

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एका प्रकारची जाहिरात वर्षानुवर्षे दिसत आली आहे. गाडी १९६५ ते १९७१ च्या दरम्यानची, इंजिन खोलून स्टँडवर ठेवलेले, बॉडीवर राखाडी प्रायमर, सीटा, काचा आणि क्रोमच्या पट्ट्या खोक्यांत भरलेल्या. मजकूर असा की अवघड काम झाले आहे, भाग सगळे आहेत, वेळ मिळत नाही म्हणून देणे आहे. किंमत तयार गाडीच्या मानाने पुष्कळच कमी असते. घेणाऱ्याचा हिशेबही सरळ असतो: आधीच्या मालकाने पैसा आणि कष्ट ओतलेत, त्याचा फायदा आपल्याला आयता मिळेल, उरलेले काम सवडीने करू. माझे म्हणणे असे की हा हिशेब चुकीच्या गोष्टीची किंमत लावतो. अशा सौद्यात खरा मोलाचा ऐवज म्हणजे त्या गाडीविषयीची माहिती. कोणता भाग कुठून निघाला, कोणते काम कोणत्या क्रमाने झाले, नव्या रंगाखालचा पत्रा कसा आहे, आणि ही गाडी कारखान्यातून मुळात काय म्हणून बाहेर पडली, ही ती माहिती. ती शाबूत असेल तर अर्धवट गाडी उत्तम सौदा ठरते. ती हरवली असेल, तर गंजकी पण अखंड, कुणी हात न लावलेली गाडी जास्त पैसे देऊन घेणे शहाणपणाचे.

माहितीला एवढे महत्त्व का, हे या गाड्यांच्या, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या मसल कारच्या, जन्मकथेतच आहे. १९६४ मध्ये जनरल मोटर्सच्या पाँटियाकने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या साध्या गाडीत ३८९ घनइंचांचे व्ही-८ इंजिन बसवले. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. तो चुकवण्यासाठी ही गाडी जीटीओ या नावाने, स्वतंत्र मॉडेल न करता, जादा पैसे देऊन घ्यायचा पर्याय म्हणून विकली गेली. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या आणि बाकीच्या कंपन्यांना वाट सापडली. १९७० पर्यंत शेव्हरोलेच्या शेव्हेलमध्ये एलएस-६ हे ४५४ घनइंचांचे, ४५० अश्वशक्तीचे इंजिन मिळू लागले. मग विम्याचे हप्ते चढले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधने आणली, १९७१ पासून इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरले, आणि १९७३ च्या तेलबंदीने उरलीसुरली हौस संपवली. म्हणजे सगळा खेळ दहा वर्षांच्या आतला, आणि यातल्या बहुतेक गाड्या म्हणजे साध्या कौटुंबिक गाडीवर चढवलेले पर्याय. त्यामुळे साध्या गाडीला इंजिन, बिल्ले आणि पट्टे लावून दुर्मीळ गाडी उभी करणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर दिसायला सारख्या आणि मोलाने कितीतरी वेगळ्या असू शकतात. फरक राहतो तो आकड्यांत, शिक्क्यांत आणि कागदांत.

योगायोग असा की मसल कारचे शिखर ज्या १९७० सालात गाठले गेले, त्याच साली जॉर्ज अकरलॉफ यांचा वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावरचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे हे काम होते. विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा सरासरी किंमत देऊ करतो, ती चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि खराब गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. अर्धवट गाडीला हा विचार अधिकच लागू पडतो. ती ज्याने खोलली, त्याच्याइतकी तिची माहिती जगात कुणालाच नाही, आणि त्यानेच उरलेले काम न करण्याचा निर्णय घेतला आहे. यावर कुणी म्हणेल की गाड्या काही केवळ दोषांमुळे अर्ध्यावर सुटत नाहीत. आजारपण येते, घटस्फोट होतो, नोकरी जाते, माणूस वारतो. साठच्या दशकात तरुण असलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे, आणि त्यांच्या गॅरेजमधल्या गाड्या वारसांकडून बाजारात येत आहेत. हे खरे आहे. पण कारण कितीही प्रामाणिक असले तरी हरवलेली माहिती त्याने परत येत नाही. उलट वारसाकडून घेतलेल्या गाडीत फसवणुकीची शक्यता कमी असली तरी, डोक्यात सगळा नकाशा असलेला माणूसच गेलेला असतो.

गाडी खोलणे म्हणजे पुरावा मोडणेही असते, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. अखंड गाडीत प्रत्येक ब्रॅकेट, क्लिप आणि बोल्ट आपापल्या जागी असतो. गंजलेला का असेना, तो कुठला, कोणत्या बाजूचा आणि कोणत्या क्रमाने बसलेला, हे बघता येते. खोलताना फोटो काढले नसतील, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या नसतील, तर डब्यातले नटबोल्ट हे नुसते लोखंड होते. क्रायस्लरच्या गाड्यांचे उदाहरण बोलके आहे. डॉज आणि प्लिमथच्या कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक कागद फिरे, त्यावर तिला लावायच्या सगळ्या भागांचे संकेत छापलेले असत. काम झाल्यावर हा कागद पुष्कळदा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला राहिला. आज गाडी खरी आहे हे सिद्ध करणारा हा पहिल्या दर्जाचा पुरावा मानतात. आता उत्साहाने गाडी खोलणाऱ्याने फाटकी, उंदरांनी कुरतडलेली सीट सर्वात आधी फेकून दिली, की तो पुरावा कचऱ्यात गेला. कुणी लबाडी केलेली नसते. काम ‘सुरू’ झालेले असते इतकेच.

पत्र्याच्या कामात क्रमाचे महत्त्व याहून मोठे आहे. १९६५-६६ ची फोर्ड मस्टँग घ्या. या दोन मॉडेल वर्षांत साडेअकरा लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे अर्धवट गाड्यांतही तीच जास्त भेटते. तिच्या पुढच्या काचेखाली, वायपरच्या पुढ्यात, हवा आत घेणारा काउल नावाचा भाग आहे. दोन पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडून तो बनवलेला. पानगळीचा कचरा आत साचतो, पाणी निचरत नाही, आतल्या हवेच्या तोंडाभोवतीचा पत्रा कुजतो आणि पाणी पायाखाली उतरते. मग मजला गंजतो. गंज डोळ्यांना दिसतो तो मजल्याला, म्हणून हौशी माणूस आधी मजल्याचा पत्रा बदलतो. काउल उघडण्यासाठी पुष्कळ स्पॉट वेल्ड ड्रिल करून काढावे लागतात, ते काम तो टाळतो. अशा गाडीच्या जाहिरातीत ‘नवा मजला टाकला आहे’ हे वाक्य जमेच्या बाजूला असते. वास्तविक तिथे प्रश्न सुरू होतो: काउल आधी केला होता का? नसेल तर पहिल्या पावसाळ्यानंतर नवा मजलाही त्याच वाटेने जाणार. काउलवर बाटलीभर पाणी ओतून आत हात लावून बघणे, ही दोन मिनिटांची तपासणी हजारो डॉलरच्या बिलांपेक्षा जास्त सांगते.

बांधणीनुसार धोका बदलतो. शेव्हेल, जीटीओ यांना वेगळी चासी आहे. बॉडी तिच्यावर बसते. मस्टँग आणि क्रायस्लरच्या मसल कारमध्ये बॉडी हाच सांगाडा; शेव्हरोलेच्या कॅमेरोत पुढे सुटी उपचासी आणि मागे अखंड बॉडी. अखंड बॉडीच्या गाडीत आधार न देता, दारांच्या चौकटीत टेकू न वेल्डता मजला कापला, तर सगळा सांगाडा किंचित वाकतो. ते त्या दिवशी दिसत नाही. दार, मागचा पंखा (फेंडर) आणि बॉनेट यांच्यातली फट शेवटी जुळत नाही तेव्हा कळते, आणि तोवर वेल्डिंग पक्के झालेले असते. म्हणून दारे लावून न पाहता मागचे पंखे वेल्ड केलेली गाडी ही ‘काम झालेली’ गाडी नसून काम वाढवलेली गाडी आहे. प्रायमरचेही तसेच. एपॉक्सी प्रायमर पत्रा बंद करतो. साधा प्रायमर सच्छिद्र असतो, दमट हवा शोषतो. साध्या प्रायमरमध्ये गाडी चार-पाच वर्षे उभी राहिली तर खाली बारीक गंज धरलेला असतो, आणि सगळे पुन्हा पत्र्यापर्यंत खरवडावे लागते. वाळूच्या माऱ्याने सपाट पत्रा ताणला जातो, लहरी पडतात, त्या लांबी भरून झाकतात. व्हिनाइलचे छत असलेल्या गाडीत मागच्या काचेभोवती पाणी दडते, तिथला पत्रा न पाहता सौदा करूच नये.

इंजिनाच्या बाबतीत, चांगल्या हेतूने केलेले काम पुरावा कसा पुसते, याचे सर्वात स्पष्ट उदाहरण शेव्हरोलेच्या लहान व्ही-८ मध्ये मिळते. इंजिनाच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावर एक छोटी सपाट जागा असते. तिथे इंजिनाचा संकेत आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. इंजिन याच गाडीचे मूळ आहे, हे त्यावरून ठरते. पण ही जागा ब्लॉकच्या वरच्या, हेड बसण्याच्या पृष्ठभागाचाच भाग आहे. लेथवाल्याने तो पृष्ठभाग सपाट करण्यासाठी घासला की आकडे जातात आणि कारखान्याच्या यंत्राच्या बारीक रेघाही जातात. काम तंत्रदृष्ट्या बरोबर असते, बिलही खरे असते, आणि तरीही गाडीच्या मोलाला कायमचे भगदाड पडलेले असते. पुढे कुणी तिथे नवे आकडे ठोकले तर प्रश्न मोलाचा न राहता फसवणुकीचा होतो. शिवाय ‘इंजिन बांधून तयार आहे’ हे वाक्य तारखेशिवाय निरर्थक आहे. दहा वर्षांपूर्वी बांधून न चालवलेल्या इंजिनात सील वाळतात, जोडणीच्या वेळी लावलेले वंगण ओघळून जाते, सिलिंडरच्या भिंतींना गंज येतो. असे इंजिन पुन्हा उघडावेच लागेल असे धरून किंमत करावी. बोअर किती वाढवला आहे हेही कागदावर हवे, कारण प्रत्येक ब्लॉकला ती मर्यादा असते आणि एकदा ती ओलांडली की परत येता येत नाही.

कागदांच्या दृष्टीने कंपन्यांमध्ये मोठा फरक आहे, आणि खरेदीचा निर्णय या फरकावर बराच अवलंबून असावा. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्स या संस्थेकडे आहेत. गाडीचा क्रमांक दिला की ती कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनासह निघाली याचा अहवाल मिळतो. पाँटियाकसाठी पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस तेच काम करते, आणि त्याची गरजही आहे, कारण १९६४-६५ मध्ये जीटीओ हा पर्याय असल्याने गाडीच्या क्रमांकावरून ती ओळखता येत नाही. १९६६ पासून ते शक्य झाले. शेव्हरोलेत प्रवास उलटा झाला: १९६६ ते १९६८ ची मोठ्या इंजिनाची एसएस ३९६ शेव्हेल क्रमांकावरून कळते, १९६९ पासून एसएस पर्याय झाल्याने कळत नाही. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोले गाड्यांच्या तशा नोंदीही मागवता येत नाहीत. म्हणजे सीट फेकलेली, कागद हरवलेली १९६७ पासूनची मस्टँग किंवा कोणतीही जीटीओ एका अर्जाने पुन्हा उभी राहू शकते. तशाच अवस्थेतली कॅमेरो किंवा शेव्हेल मात्र बव्हंशी विक्रेत्याच्या शब्दावर उभी असते. १९६७ मध्ये कॅमेरो झेड-२८ फक्त ६०२ बनल्या. ‘अर्धवट झेड-२८’ म्हणून दाखवलेल्या गाडीला झेड-२८ ची किंमत द्यायची असेल, तर पुराव्याचे ओझे विकणाऱ्यावरच राहिले पाहिजे.

मालकीचा प्रश्न याहून गंभीर, कारण तिथे गाडीच जाऊ शकते. अर्धवट गाड्या वीस-वीस वर्षे नोंदणीविना पडून असतात, मालकीपत्र मृत माणसाच्या किंवा तीन मालकांपूर्वीच्या नावावर असते. त्यात जुन्या मस्टँगचा क्रमांक पुढच्या पंख्याआडच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तो पत्रा गंजला म्हणून कापून नवा लावला की गाडीची ओळखच कापली जाते. डॅशबोर्डवरची क्रमांकपट्टी रंगकामासाठी काढून साध्या रिव्हेटने परत बसवणे हा तर नेहमीचा प्रकार. केंद्रीय कायद्यात दुरुस्तीपुरती मुभा असली तरी राज्यांचे कायदे वेगळे आहेत. कॅन्सासमध्ये २०१७ साली नोंदणीच्या तपासणीत १९५९ ची एक कॉर्व्हेट जप्त झाली, कारण पूर्वीच्या पुनर्बांधणीत तिची क्रमांकपट्टी काढून पुन्हा लावलेली होती. घेणाऱ्याचा काही दोष नव्हता. तरी गाडी वर्षानुवर्षे अडकली, नष्ट करण्यापर्यंत वेळ आली, आणि अखेर २०२२ मध्ये राज्याला कायदा दुरुस्त करावा लागला. ती मसल कार नव्हती. पण तिच्यावर झालेले काम पुष्कळ अर्धवट मसल कारवरही झालेले असते. म्हणून पैसे देण्याआधी क्रमांक, मालकीपत्र आणि विकणाऱ्याचे नाव जुळवणे ही पहिली पायरी हवी, पत्रा त्यानंतर.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप असा की आज सगळे भाग नवे मिळतात, मग काय हरवले याची चिंता कशाला? मस्टँग आणि पहिल्या पिढीची कॅमेरो यांचे अख्खे नवे सांगाडेसुद्धा डायनाकॉर्न ही कंपनी विकते. हे मोठेच वरदान आहे, आणि या दोन गाड्यांच्या बाबतीत माझ्या म्हणण्याची धार त्याने कमी होते हे मान्य करायला हवे. पण नवा पत्रा जसाच्या तसा बसत नाही. कापून, वाकवून, पुन्हा लावून पाहावा लागतो, आणि तासाचे पैसे तिथेच जातात. शिवाय भाग बनतात ते खप असलेल्या मॉडेलांचे. कमी खपलेल्या ब्यूक, मर्क्युरी किंवा एएमसीच्या गाडीची हरवलेली एक पट्टी वर्षभर काम रोखू शकते. दुसरा आक्षेप छंदाचा: ही माणसे नफ्यासाठी करत नाहीत, हाताने काम करण्याच्या आनंदासाठी करतात, त्यांना हिशेब कशाला? या आनंदाविषयी मला पूर्ण आदर आहे, आणि म्हणूनच हिशेब हवा. दुसऱ्याची चूक शोधत, केलेले काम उखडत वर्षे गेली की आनंद आटतो आणि तीच गाडी तिसऱ्यांदा जाहिरातीत येते. तिसरा आक्षेप नव्या इंजिनाची, नव्या ब्रेकची आधुनिक गाडी करू पाहणाऱ्यांचा: आम्हाला मूळपणा नकोच. त्यांच्यासाठी इंजिनावरच्या शिक्क्यांचे महत्त्व खरोखर कमी होते. पण सांगाड्याचा सरळपणा आणि मालकीचे कागद यांतून त्यांचीही सुटका नाही.

चौथा आक्षेप सर्वात वजनदार आहे. तयार गाडीत रंगाखाली सगळी पापे झाकलेली असतात, लांबीचे थर, पत्र्यावर पत्रा मारलेले ठिगळ. अर्धवट गाडी निदान उघडी असते, सगळे दिसते. हे खरे आहे, आणि म्हणूनच अर्धवट गाडी सरसकट टाळावी असे मी म्हणत नाही. ज्या टप्प्यावर पत्रा उघडा किंवा एपॉक्सीत आहे, वेल्डिंग दोन्ही बाजूंनी बघता येते, दारे बसवून फटी तपासलेल्या आहेत, तो टप्पा खरेदीला सर्वोत्तम. त्याच्या एक पाऊल पुढे, नुकताच चकचकीत रंग मारलेली आणि आत काही न बसवलेली गाडी, हा सर्वात वाईट टप्पा: तयार गाडीची अपारदर्शकता आहे, पण ती चालवून बघण्याची सोय नाही. आणि गाडीला अजिबात हात न लावणे हेही मोलाचे असू शकते. ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, तीही चकचकीत न करता, वापराच्या खुणांसह. ती अपवादात्मक गाडी होती, पण बाजार पुरावा किती मानतो हे त्यातून कळते.

किंमत ठरवायची ती उलट्या दिशेने. आधी हॅगर्टीसारख्या प्रसिद्ध दरसूचीतून तयार गाडीची किंमत घ्यावी, तीही पहिल्या क्रमांकाच्या प्रदर्शनी गाडीची नको. आपल्या हातून होईल त्या दर्जाची, म्हणजे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची. त्यातून उरलेल्या कामाचा खर्च वजा करावा. व्यावसायिक गॅरेजमध्ये संपूर्ण पुनर्बांधणी हजार तास सहज ओलांडते. ताशी १०० डॉलर धरले तरी एक लाख डॉलर केवळ मजुरी. अर्धे काम झाले म्हणून अर्धी मजुरी वाचेल असे नाही, कारण जुळवणी, वायरिंग, काचा, रबरे, फटी हे वेळखाऊ काम शेवटीच उरते. ज्या कामाचे फोटो आणि बिले आहेत, तेवढेच काम झाले असे धरावे. बाकीचे पुन्हा करायचे आहे असे मानून आकडा काढावा. बहुतेकदा हा आकडा मागितलेल्या किमतीच्या बराच खाली येतो, कधी शून्याखालीही जातो. तेव्हा मागे फिरणे हाच सौदा.

डेट्रॉइटच्या ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या उपनगरांत वाहनउद्योगात काम करणारी बरीच मराठी मंडळी आहेत. वूडवर्ड अॅव्हेन्यूवर १९९५ पासून ऑगस्टमध्ये भरणारी जुन्या गाड्यांची मिरवणूक त्यांना फार लांबची नाही, आणि अशा जाहिराती त्यांच्या नजरेस पडणारच. त्यांच्यापैकी कुणाला ही गाडी पुढेमागे पुण्या-मुंबईला न्यावीशी वाटली, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारताच्या २०२१ च्या नियमांत व्हिंटेज वाहन म्हणजे पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहन. नव्या सांगाड्यावर उभी केलेली गाडी त्या व्याख्येपुढे टिकणे कठीण. इथेही प्रश्न पुन्हा पुराव्याचाच.

शेवटी हा केवळ एका घेणाऱ्याच्या फायद्या-तोट्याचा विषय राहत नाही. बाजार ज्याचे पैसे देतो ते विकणारे सांभाळतात. घेणारे नव्या रंगाचे आणि क्रोमच्या बिलांचे पैसे देत राहिले, तर लोक घाईने रंग मारतील, सीटा फेकतील, आकडे घासतील, आणि या गाड्यांचा इतिहास एकेका गॅरेजमध्ये संपत जाईल. घेणाऱ्यांनी चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्यांचे, खोलतानाच्या फोटोंचे, न घासलेल्या शिक्क्याचे आणि स्वच्छ मालकीपत्राचे पैसे द्यायला सुरुवात केली, तर गाडी खोलणारा प्रत्येक माणूस पहिला बोल्ट काढण्याआधी कॅमेरा हातात घेईल. अर्ध्यावर सुटणाऱ्या गाड्या थांबणार नाहीत. माणसांची आयुष्ये तशीच असतात. पण पुढच्या माणसाला त्या पुऱ्या करता याव्यात इतकी माहिती त्यांच्याबरोबर द्यायची की नाही, हे आज किंमत ठरवणाऱ्यांच्या हातात आहे.